नोटीस पिरियड संपायच्या आत कर्नलमधला आपला ईमेल कसा बदलायचा

पेपर टाकले, नोटीस पिरियड सुरू झाला, केटी (कामाची माहिती दुसऱ्याला देणं) चाललीय, लॅपटॉप कधी जमा करताय म्हणून एचआरचा मेल येऊन पडलाय. या धावपळीत पीएफ ट्रान्सफर आठवतं, मेडिक्लेम आठवतं, पण लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ज्यांच्या नावावर एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) आहे त्यांना त्या ड्रायव्हरपुढे लिहिलेला ऑफिसचा ईमेल काही आठवत नाही. मलाही आठवला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी सहाला बॅज जमा केला, सातला मेल बंद. एका छोट्या सेन्सरच्या ड्रायव्हरपुढे माझा तोच पत्ता, आणि नव्या ऑफिसात रुळण्याच्या नादात चार महिने मी तिकडे फिरकलोच नाही. तेवढ्यात एकाला बग सापडला, लॅपटॉप झोपवून उठवला की सेन्सर शून्यच दाखवतोय, त्या बिचाऱ्याने नियमाप्रमाणे मला मेल केला, तो बाउन्स झाला, परत केला, परत बाउन्स, शेवटी सबसिस्टिमच्या मेंटेनरने, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याने, कुठल्यातरी जुन्या थ्रेडमधून माझा जीमेल शोधून काढला. फिक्स निघाला दोन ओळींचा, आणि त्या दोन ओळींसाठी त्या माणसाचे चार महिने गेले.

तर हे काम कसं करायचं ते सगळं एकदा लिहून टाकतो. एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: हे काम जुना मेलबॉक्स उघडतोय तोवरच करायचं. नंतरही करता येतं, पण मग तुम्ही तुम्हीच आहात हे पटवत बसावं लागतं.

आधी कुठेकुठे नाव आहे ते शोधा

बहुतेक जण थेट मेंटेनर्स फाइल, म्हणजे कुठला कोड कोण सांभाळतं त्याची यादी, उघडतात, एक ओळ बदलतात आणि झालं म्हणतात. तसं करू नका. कर्नलच्या सोर्समध्ये गिट ग्रेप (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या टूलची शोधायची कमांड) चालवा, त्यात ईमेलचा ॲटच्या आधीचा भाग द्या आणि कॅपिटल-स्मॉलचा फरक करू नको असं सांगणारा आय ऑप्शन लावा. पूर्ण पत्ता दिलात तर कंपनीने मधे डोमेन बदललं असेल तेव्हाचे पत्ते सुटतात. मग आपल्या नावानेही एकदा शोधा, कारण नाव एकीकडे आडनावासकट असतं, एकीकडे नुसतं इनिशियल.

निकालात साधारण या जागा येतात. सगळ्यात वरच्या फोल्डरमधली मेंटेनर्स फाइल. तिच्याच शेजारची डॉट मेलमॅप, जुने पत्ते नव्याला जोडणारी फाइल. डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये डिव्हाइस ट्री बाइंडिंगच्या (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं ते सांगणाऱ्या) यॅमल फाइल्स, ज्यात प्रत्येक फाइलला मेंटेनर्सची यादी कंपल्सरी असते. त्याच डॉक्युमेंटेशनमध्ये एबीआय नावाचा फोल्डर, तिथे सिसएफएसच्या (कर्नल ज्यातून हार्डवेअरची माहिती फाइल्ससारखी दाखवतो त्याच्या) प्रत्येक नोंदीखाली कॉन्टॅक्ट म्हणून ओळ असते, आणि ही ओळ हमखास विसरली जाते. शिवाय ड्रायव्हरच्या सी फाइलमध्ये वरची कॉपीराइटची कमेंट आणि खाली मॉड्यूल ऑथरचा मॅक्रो.

यातलं सगळं बदलायचं नसतं. कॉपीराइटच्या ओळीला हात लावू नका, तो कोड तेव्हाच्या कंपनीच्या पैशाने लिहिलाय आणि तो हक्क तुमच्याबरोबर नव्या ऑफिसात येत नाही. मॉड्यूल ऑथरमध्ये ईमेल असला तर तो बदलण्यापेक्षा मी सरळ काढून टाकतो, नुसतं नाव ठेवलेलं चालतं, आणि पुढच्या नोकरीला परत ही फाइल उघडावी लागत नाही.

मेंटेनर्स फाइल

२० हजारांहून जास्त ओळींची साधी टेक्स्ट फाइल आहे, प्रत्येक सबसिस्टिमचा किंवा ड्रायव्हरचा एक परिच्छेद, नावं अक्षरक्रमाने. परिच्छेदातली प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते. एम म्हणजे पॅच (कोडमधला बदल) ज्याला पाठवायचा तो माणूस, आर म्हणजे रिव्ह्यूअर, एल म्हणजे मेलिंग लिस्ट, एस म्हणजे स्टेटस, डब्ल्यू वेबपेज, बी बग कुठे नोंदवायचे, टी गिट ट्री (कोड जिथे ठेवलाय ती जागा), एफ म्हणजे कुठल्या फाइल्स या परिच्छेदाखाली येतात. अगदी शेवटी द रेस्ट नावाची नोंद आहे, जे कुणाचंच नाही ते सगळं तिच्यात, तिथे लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं नाव आणि स्टेटसमध्ये चक्क, रिपोर्ट पाठवणाऱ्यांच्या ढिगाखाली जिवंत गाडला गेलाय अशा अर्थाचं लिहिलंय. एकदा जाऊन वाचाच.

एमची ओळ बदलताना एक बारीक भानगड आहे. अक्षर, कोलन, मग एक टॅब, मग नाव आणि कोनात ईमेल. टॅबच्या जागी स्पेस पडल्या तर चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) ओरडतो. बऱ्याच जणांचा एडिटर टॅबच्या गुपचूप स्पेस करतो, त्यामुळे सेव्ह करून झालं की गिट डिफ (काय बदललं त्याची यादी) बघायचाच. एकच ओळ बदललीय आणि डिफमध्ये पंधरा ओळी लाल-हिरव्या दिसतायत, तर एडिटरने घोळ घातलाय.

आता खरी गोष्ट, स्टेटस. ईमेल बदलणारे दहातले नऊ जण ही ओळ तशीच सोडतात. सपोर्टेड लिहिलंय म्हणजे या कामाचे कुणीतरी तुम्हाला पगार म्हणून पैसे देतंय. मेंटेन्ड म्हणजे कुणीतरी खरोखर बघतंय, पैसे मिळोत न मिळोत. ऑड फिक्सेस म्हणजे माणूस आहे पण वेळ नाही, अधूनमधून एखादा पॅच घेईल. ऑर्फन म्हणजे अनाथ, वाली नाही. ऑब्सोलीट म्हणजे जुना कोड, त्याच्या जागी दुसरं काही आलंय. तर जुन्या कंपनीत त्या चिपवर तुमचं पोट होतं म्हणून सपोर्टेड होतं, नव्या कंपनीत तुम्ही क्लाउडवर काम करताय आणि ती चिप, तो बोर्ड काहीच हाताशी नाही, मग सपोर्टेड हे सरळ खोटं झालं. मेंटेन्ड करा, बोर्डसुद्धा परत केला असेल तर ऑड फिक्सेस करा. यात कमीपणा काही नाही, वाचणाऱ्याला कळतं की उत्तर दोन दिवसात येणार नाही, आणि तो तशा बेताने चालतो.

टीची आणि डब्ल्यूची ओळही बघा. तुमची गिट ट्री कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर ईमेलबरोबर तीही गेली. आणि जुन्या टीममधला कुणी अजून तिथेच असेल, त्याला इंटरेस्ट असेल, तर त्याला विचारून आरमध्ये किंवा दुसऱ्या एममध्ये घाला. विचारून. न विचारता नाव घातलं की लोक चिडतात, आणि बरोबरच आहे, कारण उद्यापासून त्याच्या इनबॉक्समध्ये तुमच्या ड्रायव्हरचे मेल पडायला लागतात.

मेलमॅप कशाला लागतो

मेंटेनर्समध्ये बदललं तरी गिटच्या इतिहासात तुमचे जुने कमिट (नोंदवलेले बदल) जुन्याच पत्त्याने बसलेत, आणि इतिहास बदलता येत नाही. कर्नलमध्ये पॅच कुणाला पाठवायचा हे शोधायला स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये गेट मेंटेनर नावाची पर्लची स्क्रिप्ट आहे. तिला मेंटेनर्स फाइलमध्ये नीट माणूस सापडला नाही की ती गिटचा इतिहास चाळते, अलीकडे या फाइलला कुणी हात लावला ते बघते आणि त्यांचे पत्ते देते. म्हणजे ज्या फाइलचे तुम्ही मेंटेनर नाही, पण गेल्या वर्षभरात तिथे सहा पॅच टाकले होते, तिथूनही मेल तुमच्या बंद पत्त्यावर जाणार. डॉट मेलमॅप हे थांबवते. ओळ अशी असते:

तुमचं नाव <नवा पत्ता> <जुना पत्ता>

आधी नवा, मग जुना. उलटं लिहिणारे खूप आहेत, मीही एकदा लिहिलंय. दोनतीन कंपन्या झाल्या असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्याची वेगळी ओळ, सगळ्यांत डावीकडे तोच नवा पत्ता. आणि आधीच्या नोकरीच्या वेळी टाकलेली ओळ असेल तर तिचा डावीकडचा पत्ता पण आता जुना झालाय, तो बदला. मेलमॅप एका पत्त्यावरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर अशा उड्या मारत जात नाही. फाइल डिक्शनरीच्या क्रमाने लावलेली असते, वर तशी सूचनाच आहे, शेवटी नेऊन चिकटवू नका. झालं की गिट चेक-मेलमॅपला जुना पत्ता द्या, त्याने नवा पत्ता छापला की काम बरोबर झालं.

नवा पत्ता कुठला द्यायचा यावर माझं मत ठाम आहे, नव्या कंपनीचा देऊ नका. दोन वर्षांनी हाच उद्योग परत. स्वतःचा पर्सनल पत्ता द्या, किंवा मेंटेनर असाल तर कर्नल डॉट ऑर्गचं अकाउंट मागा, ते फक्त फॉरवर्ड करतं, मागे मेलबॉक्स बदलला तरी बाहेरचा पत्ता तोच राहतो. काही कंपन्या त्यांच्या कामाचे पॅच कंपनीच्याच पत्त्याने पाठवा म्हणतात, ते ठीक आहे, ऑथर म्हणून तो पत्ता आणि मेंटेनर्समध्ये कायमचा पत्ता असं चालतं.

आणि स्वतःच्या डोमेनवर पत्ता असेल तर ते डोमेन रिन्यू करत राहा. मे २०२२ मध्ये पायपीआयवरचं (पायथन पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) सीटीएक्स नावाचं पॅकेज असंच गेलं. मेंटेनरच्या ईमेलचं डोमेन एक्स्पायर झालं होतं, दुसऱ्याने ते विकत घेतलं, पासवर्ड रीसेटचा मेल मागवला आणि पॅकेजमध्ये चोरटा कोड घातला. त्यानंतर पायपीआयने २०२५ मध्ये एक्स्पायर होत चाललेली डोमेन तपासायला सुरुवात केली, आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत १,८०० च्या वर पत्त्यांचं व्हेरिफिकेशन काढून टाकलं. कर्नलमध्ये पासवर्ड रीसेट नाही, पण बंद पडलेल्या स्टार्टअपच्या डोमेनवर तुमचा पत्ता राहिला आणि ते डोमेन कुणी घेतलं, तर ड्रायव्हरमधल्या सिक्युरिटी बगचे खासगी मेल त्या अनोळखी माणसाला जाणार.

पॅच कसे पाडायचे

मेंटेनर्स आणि मेलमॅप एकाच पॅचमध्ये चालतात, असे पॅच रोज येतात. डिव्हाइस ट्री बाइंडिंगचा बदल मात्र वेगळा पॅच करा, एकत्र केला की चेकपॅचच सांगतो वेगळा कर म्हणून, आणि तो बघणारी माणसं वेगळी आहेत. एबीआयच्या कॉन्टॅक्ट ओळी तिसऱ्या पॅचमध्ये. तीन छोटे पॅच, एक मालिका.

सब्जेक्टमध्ये आधी मेंटेनर्स, कोलन, मग माझा ईमेल बदलतोय एवढंच, इंग्रजीत. आतल्या मेसेजमध्ये का ते एक-दोन ओळींत. मी ती कंपनी सोडतोय, अमुक तारखेनंतर जुना पत्ता बंद होईल, पुढे या पत्त्यावर बघत राहीन. पुरे. बॉसबद्दल लिहायची ही जागा नाही, हा मेसेज तुमच्या नातवंडांनाही दिसणार आहे. पण कारण लिहाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेंटेनर्स फाइलमधून काही रशियन मेंटेनर्सची नावं काढली गेली आणि कमिटमध्ये कम्प्लायन्सच्या वेगवेगळ्या गरजांमुळे एवढंच मोघम लिहिलं होतं, त्यावर केवढा गदारोळ झाला तो बऱ्याच जणांना आठवत असेल. नाव काढणं-घालणं ही गोष्ट लोक मनावर घेतात.

साइन्ड ऑफ बायची, म्हणजे हा पॅच द्यायचा मला हक्क आहे अशा सहीची, ओळ हवीच, आणि तिच्यातला पत्ता व पॅचच्या फ्रॉममधला पत्ता एकच हवा, नाहीतर चेकपॅच तक्रार करतो. गिट फॉरमॅट-पॅच, मग चेकपॅच, मग गेट मेंटेनरला पॅटर्न्सची सेल्फ टेस्ट करायला लावा, एफच्या ओळीतली एखादी फाइल कधीच दुसरीकडे हलवली गेली असेल तर ती सापडते आणि जाता जाता तीही सुधारता येते.

पाठवताना

गेट मेंटेनर नुसता पॅचवर चालवून जे पत्ते येतात तेवढ्यावर थांबू नका. एफ ऑप्शन देऊन तुमच्या ड्रायव्हरच्या फाइलवरही चालवा आणि तिथले सबसिस्टिमचे मेंटेनर व लिस्ट कॉपीत घ्या, कारण पॅच शेवटी उचलणार तेच. कुणीच उचलला नाही तर कर्नलचे जुने मेंटेनर अँड्र्यू मॉर्टन यांच्या ट्रीमधून असे मेलमॅपचे आणि पत्त्याचे बदल बरेचदा जातात. मर्ज विंडोची (नवे बदल घेण्याच्या ठरावीक काळाची) वाट बघायची गरज नसते, आरसी (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्या) चालू असतानाही फिक्सेसबरोबर जातात.

गिट सेंड-ईमेल वापरा. आउटलुकमधून कॉपी-पेस्ट करून पाठवलेला पॅच लागत नाही, टॅबची वाट लागते. बऱ्याच कंपन्यांचा सर्व्हर खाली गोपनीयतेचं लांबलचक डिस्क्लेमर चिकटवतो, ते लिस्टवर चालत नाही. अशावेळी बी-फोर नावाचं टूल घ्या, ते कर्नल डॉट ऑर्गच्या वेब एंडपॉइंटवरून पॅच पाठवतं, कंपनीचा एसएमटीपी (मेल पाठवणारा सर्व्हर) लागतच नाही.

आता ओळख पटवण्याचा भाग. पॅच नव्या पत्त्यावरून पाठवा आणि लगेच जुन्या पत्त्यावरून त्याच थ्रेडला उत्तर द्या, ॲक्ड बाय (मला मान्य) म्हणून, जुन्या पत्त्यासकट. दोन्ही मेल लोर या कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या आर्काइव्हमध्ये राहतात, पुढे कुणाला शंका आली तर पुरावा तयार. उलटं केलं तरी चालतं, जुन्यावरून पॅच, नव्यावरून ॲक. ही कटकट कशाला असं वाटत असेल तर एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलचं प्रकरण आठवा. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी त्यातला बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) उघड केला, पण त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२३ मध्ये, तो बॅकडोअर घालणाऱ्या, जिया टॅन नाव लावणाऱ्याने गूगलच्या ओएसएस-फझ या आपोआप बग शोधणाऱ्या (फझिंगच्या) सेवेत एक्सझेडचा मुख्य संपर्क म्हणून स्वतःचा पत्ता घालून घेतला होता, म्हणजे फझिंगमध्ये सापडणारे बग आधी त्याच्याकडे. दिसायला तो निव्वळ पत्ता बदलणारा फुटकळ बदल. म्हणून एखादा मेंटेनर तुम्हाला जुन्या पत्त्यावरून एक मेल टाका म्हणाला तर राग मानू नका.

जुना मेल आधीच बंद झाला असेल तर? माझं तेच झालं होतं. मग ज्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलंय किंवा वर्षानुवर्षं ओळखतात अशा दोघांना, शक्यतो जुन्या टीममधला एक आणि सबसिस्टिमचा एक, थ्रेडवर हो हा तोच माणूस असं लिहायला सांगा. पीजीपी की (डिजिटल सहीची किल्ली) असेल तर तिने सही करून पाठवा. कीमध्ये नवा पत्ता नवीन यूआयडी (कीवरची नाव-पत्त्याची नोंद) म्हणून जोडायचा, जुना यूआयडी डिलीट न करता रिव्होक (रद्द झाल्याची नोंद) करायचा, आणि कर्नलच्या कीरिंगमध्ये (कींच्या संग्रहात) तुमची की असेल तर नवी कॉपी तिथे पाठवायची. नवीच की बनवू नका, जुन्या कीवर लोकांनी केलेल्या सह्या हीच तर तुमची ओळख आहे.

लिस्टची सबस्क्रिप्शन्स जुन्या पत्त्यावरूनच काढा, कन्फर्मेशनचा मेल तिथेच येतो. आणि नव्याने आधी जोडून घ्या, मग जुनं काढा.

ड्रायव्हरच सोडत असाल तर

कधीकधी पत्ता बदलण्यापेक्षा नाव काढणं प्रामाणिकपणाचं असतं. बोर्ड नाही, वेळ नाही, इच्छाही नाही. एमची ओळ काढा, दुसरा कुणी नसेल तर स्टेटस ऑर्फन करा, बाकी परिच्छेद राहू द्या म्हणजे पुढच्याला एफच्या ओळी तयार मिळतात. मोठं काम केलं असेल तर क्रेडिट्स फाइलमध्ये नोंद घाला, ती आडनावाच्या क्रमाने आहे. मेलमॅपमध्ये मात्र तरीही ओळ टाका. मेंटेनर नसलात तरी तुमच्या जुन्या कमिटबद्दल कुणीतरी कधीतरी विचारणारच.

दुसऱ्याचा पत्ता बाउन्स होतोय असं दिसलं तर परस्पर त्याचा नवा पत्ता लिंक्डइनवरून उचलून फाइलमध्ये घालू नका. आधी त्याला खासगीत विचारा. काहींना खरंच सुटका हवी असते. पत्ताच लागला नाही तर बाउन्स होतोय एवढं लिहून ती एमची ओळ काढणारा पॅच पाठवा, त्याच्या सोबतच्या मेंटेनरला कॉपीत ठेवून.

पॅच गेल्यावर

आठवडाभर काही हालचाल नसेल तर थ्रेडवर एक सौम्य आठवण, त्याआधी नाही. लिनसच्या ट्रीत पोचला की गेट मेंटेनर परत चालवून बघा.

एवढं करूनही जुन्या पत्त्यावर मेल येत राहणार आहेत. लोक पाच-पाच वर्षं जुन्या कर्नलवर बसलेले असतात, ५.१० ही आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली आणि तिचा लाँगटर्म सपोर्ट डिसेंबर २०२६ पर्यंत आहे, आणि ज्याच्याकडे ती ट्री आहे तो गेट मेंटेनर तिथलाच चालवतो, तिथल्याच मेंटेनर्स फाइलवर. म्हणून शेवटच्या आठवड्यात मॅनेजरला आणि आयटीला विचारा, दोनतीन महिने ऑटो रिप्लाय ठेवता येईल का, त्यात नवा पत्ता लिहिता येईल का. फॉरवर्ड बहुतेक कुणी करून देत नाही, ऑटो रिप्लायला बरेचदा हो म्हणतात, फक्त तोंडी न विचारता तिकीट टाका, आणि मजकूर तुम्हीच लिहून द्या, नाहीतर आयटीवाला तुमचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो.